मेमरी रिक्लेममधली कोंडी

संगणकाची मेमरी भरत आली की ऑपरेटिंग सिस्टिम वापरात नसलेली पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) रिकामी करते. याला मेमरी रिक्लेम म्हणतात. पान रिकामे करायलाच मेमरी लागली आणि ती शिल्लक नसली, तर दोन्ही कामे एकमेकांची वाट बघत कायमची थांबतात. हाच डेडलॉक, म्हणजे कोंडी. एनएफएससारख्या नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे फाइली दुसऱ्या यंत्रावर (सर्व्हरवर) ठेवण्याच्या व्यवस्थेत, तिचा धोका जास्त असतो.

कोकण रेल्वेने ये-जा करणाऱ्याला ही अडचण लगेच कळेल. रोहा-वीर टप्पा दुहेरी झाला, पुढचा बहुतेक मार्ग एकेरीच आहे; समोरची गाडी जाईपर्यंत आपली गाडी क्रॉसिंगला लूप लाइनवर उभी राहते. समजा, उक्षीच्या सगळ्या लाइनींवर मडगावकडे निघालेल्या गाड्या आहेत आणि पुढच्याच भोके स्थानकात सगळ्या लाइनींवर मुंबईकडे निघालेल्या. आता कुठलीच गाडी पुढे सरकणार नाही. म्हणून एक लाइन मोकळी राखावी लागते, आणि त्या लाइनीवर कोणाला घ्यायचे हेही ठरवावे लागते. कर्नलमधले (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातले) बहुतेक उपाय या दोन गोष्टींवरच उभे आहेत.

लिनक्समध्ये फाइलमध्ये लिहिलेला मजकूर आधी मेमरीतल्या, सहसा ४ केबीच्या, पानांत साठतो. डिस्क किंवा सर्व्हरपर्यंत न पोचलेले असे पान 'डर्टी' असते आणि ते तसेच टाकून देता येत नाही. स्थानिक डिस्कचे काम तुलनेने सोपे. एनएफएसमध्ये मात्र पान पाठवायचे तर नेटवर्कच्या पॅकेटसाठी मेमरी हवी, आणि सर्व्हरची पोच घ्यायलाही मेमरी हवी. खरी मेख या पोचेतच आहे: आलेले पॅकेट कोणासाठी आहे, हे ते मेमरीत उतरवून वाचल्याशिवाय कळत नाही. राखीव साठा बिनमहत्त्वाच्या पॅकेटांनीच भरला, तर हवी असलेली पोच दारातच अडते.

स्वॅप फाइल (मेमरीत न मावणारी पाने ठेवायची फाइल) एनएफएसवर ठेवण्याची सोय २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये आली, तेव्हा यावर तोड निघाली. मेमरी संपत आली की येणारे पॅकेट राखीव साठ्यात उतरवायचे, वाचायचे, आणि ते स्वॅपच्या सॉकेटचे (नेटवर्क जोडणीचे) नसेल तर तिथेच टाकून द्यायचे. पोच मिळाली नाही की टीसीपी हा नेटवर्कचा प्रोटोकॉल ते पुन्हा पाठवतोच. मला हा उपाय फार देखणा वाटतो.

दुसरी कोंडी कुलपांची (लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच हात लावू देणारी सोय). फाइलसिस्टिमने कुलूप धरून मेमरी मागितली, रिक्लेम सुरू झाला आणि तो त्याच फाइलसिस्टिममध्ये शिरून तेच कुलूप मागू लागला, तर संपलेच. त्यासाठी 'नोएफएस' ही खूण असते: मेमरी दे, पण फाइलसिस्टिममध्ये परत शिरू नकोस. पूर्वी ही खूण प्रत्येक मागणीवर लावावी लागे आणि कुठेतरी ती राहून जाई. २०१७ मध्ये ४.१२ आवृत्तीपासून कामाच्या अख्ख्या टप्प्यालाच ती लावता येते. 'लॉकडेप' हा तपासनीस असा धोका कोंडी होण्याआधीच दाखवून देतो. पान मोकळे करण्याच्या मार्गात येणाऱ्या कामांच्या रांगांसाठी एक 'रेस्क्यूअर' थ्रेड (काम करणारा धागा) आधीच तयार ठेवतात, कारण ऐन वेळी नवा थ्रेड बनवायलाही मेमरीच लागते.

एकच यंत्र सर्व्हर आणि क्लायंट (फाइली मागणारा) दोन्ही असले की प्रकरण आणखी अवघड होते. देवगडात आंब्याच्या एका पॅकिंगच्या जागी मी हे पाहिले आहे. एप्रिलची घाई, पेट्यांच्या नोंदी चालू, आणि संगणक गोठला. माउसचा बाण हलत होता, पण 'एलएस' (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) लिहिले की उत्तरच नाही. प्रोसेस 'डी' अवस्थेत (मध्येच तोडता न येणाऱ्या प्रतीक्षेत), जबरदस्तीने बंद करणाऱ्या 'किल -९'लाही दाद देईना. लॉगमध्ये १२० सेकंदांहून जास्त काळ अडकल्याच्या ओळी. पान साफ व्हायला सर्व्हरची गरज, आणि सर्व्हर त्याच यंत्रावर मेमरीसाठी ताटकळलेला. आताच्या कर्नलमध्ये एनएफएस सर्व्हरच्या थ्रेडना अशा वेळी कमी रोखले जाते. तरीही स्वतःचाच फोल्डर एनएफएसमधून फिरवून आणू नये. तिथे आम्ही तो साध्या बाइंड माउंटने (तोच फोल्डर त्याच यंत्रावर दुसऱ्या जागी थेट दाखवण्याच्या सोयीने) जोडला.