स्थिर क्षेत्राचे सूत्र आणि फेमटोसेकंदांचे लेझर: पार्श्वभूमी

धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, याचा उलगडा 1905 मध्येच झाला. लेझरने होणाऱ्या या उत्सर्जनाच्या आजच्या मॉडेलांमधला वाद मात्र 1928 च्या फाउलर-नॉर्डहाइम सूत्रापाशी येऊन अडतो. तीव्र क्षेत्रात इलेक्ट्रॉन धातूच्या पृष्ठभागावरचा ऊर्जेचा अडथळा वरून न ओलांडता भेदून बाहेर पडतात (टनेलिंग), त्याचे ते सूत्र; पण ते स्थिर विद्युतक्षेत्रासाठी मांडलेले होते. 1964 च्या केल्डिश सिद्धांताने त्याला लेझरकडे जाण्याची वाट दिली: लेझरची वारंवारता आणि क्षेत्राची तीव्रता यांवरून ठरणारा गॅमा हा गुणांक 1 पेक्षा बराच कमी असेल तर टनेलिंग, बराच जास्त असेल तर एकाहून अधिक फोटॉन शोषून होणारे उत्सर्जन.

1974 मध्ये द्वि-तापमान मॉडेल आले. लेझरचा स्पंद इतका छोटा असतो की इलेक्ट्रॉन तापतात आणि स्फटिकजाल (धातूतल्या अणूंची जाळी) थंडच राहते, ही त्यातली कल्पना सपाट पृष्ठभागांसाठी आजही टिकून आहे.

2006 च्या सुमारास फेमटोसेकंद (सेकंदाच्या अब्जांश भागाचा दशलक्षांश) लेझर टंगस्टनच्या अणकुचीदार टोकांवर सोडले जाऊ लागले आणि खरा पेच सुरू झाला. 800 नॅनोमीटरच्या प्रकाशात क्षेत्राचे एक आवर्तन जेमतेम 2.7 फेमटोसेकंदांचे. तरी त्यातल्या प्रत्येक क्षणाचे क्षेत्र स्थिर मानून 1928 च्या सूत्रात घालायचे आणि सरासरी काढायची, हा मार्ग अनेकांनी स्वीकारला. गणनेला तो सोपा आहे, पण या तरंगलांबीला तो पटत नाही. टंगस्टनचे वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे 4.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणून गॅमा 1 वर येण्यासाठी दर नॅनोमीटरला सुमारे 17 व्होल्टचे क्षेत्र लागते. इमेज चार्ज (बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनला धातू मागे ओढतो तो परिणाम) धरला तर स्थिर अडथळा 14 व्होल्टलाच फर्मी पातळीपर्यंत, म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जापातळीपर्यंत, खाली येतो. म्हणजे टनेलिंगच्या उंबरठ्यावर पोचण्याआधीच भेदायला अडथळा उरत नाही!

दुसरी अडचण याहून गंभीर वाटते. टोकावर क्षेत्र किती पटींनी वाढते, हा आकडा काही वेळा याच सूत्राशी मोजमापे जुळवून काढला जातो आणि त्यावरूनच गॅमा ठरतो. मग निष्कर्ष आणि गृहीतक वेगळे राहत नाहीत. क्षेत्राचे स्वतंत्र मापन असल्याशिवाय 'टनेलिंग दिसले' असे म्हणू नये.

मध्य-अवरक्त प्रकाशात चित्र बरेच स्वच्छ होते. तरंगलांबी दहापट केली की गॅमा 1 साठी दहावा हिस्सा क्षेत्र पुरते आणि अडथळाही शाबूत राहतो. दरम्यान काळानुसार बदलणारे श्रोडिंगर समीकरण थेट सोडवण्याकडे कल वाढला. 2016 मध्ये स्थिर आणि लेझर अशी दोन्ही क्षेत्रे एकत्र धरून अचूक उत्तर मिळाले. अडथळ्याचा आकार मात्र त्यातही सोपाच धरला आहे.