पार्श्वभूमी : बर्ड फ्लू आला कुठून?

हिवाळ्यात कुठे कोंबड्यांची मर सुरू झाली की पहिला संशय स्थलांतरित पक्ष्यांवर जातो. तो अगदीच खोटा नाही. पण रानपक्षी या रोगाचे जितके वाहक आहेत तितकेच बळीही आहेत, आणि त्यांच्यावर ही वेळ आणण्यात कुक्कुटपालनाचा मोठा वाटा आहे.

रानबदकांच्या आतड्यात इन्फ्लुएन्झा 'ए'चे विषाणू फार पूर्वीपासून नांदतात. बदक सहसा आजारीही दिसत नाही. त्यांतले एच५ आणि एच७ गटातले विषाणू दाटीवाटीच्या शेडमध्ये शिरले आणि एका कोंबडीतून दुसरीत फिरू लागले की कधीकधी बदलतात. एरवी आतडे आणि श्वासमार्गापुरता राहणारा विषाणू मग जवळजवळ सगळ्या अवयवांत वाढतो आणि काही दिवसांत शेड रिकामी होते. १८७८ मध्ये एदोआर्दो पेरोंचितो यांनी उत्तर इटलीतल्या अशा मरीचे वर्णन केले. तिच्यामागे इन्फ्लुएन्झा आहे हे कळायला १९५५ उजाडले.

आजच्या साथीचे मूळ १९९६ मधले. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांमध्ये एच५एन१चा एक घातक प्रकार सापडला. त्याचेच वंशज आज जगभर फिरत आहेत. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, त्यातली ६ दगावली. सरकारने तिथल्या दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या आणि साथ आटोक्यात आणली, पण चीनमध्ये विषाणू टिकून राहिला. २००३-०४ मध्ये तो व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशियात पसरला. जिवंत कोंबड्यांचे बाजार, मोकळी फिरणारी पाळीव बदके, शेतावरून शेतावर जाणारे पिंजरे आणि गाड्या यांनी त्याला वाट करून दिली. हे काम स्थलांतरित हंसांनी केलेले नाही.

मग २००५ मध्ये चीनच्याच छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यात सर्वाधिक होते पट्टकादंब, हिवाळ्यात उजनी-जायकवाडीवर उतरतात त्याच जातीचे हंस. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरय पक्षी मेले होते. तो अपवाद सोडला तर या रोगाने रानपक्ष्यांची अशी मर तोवर नोंदली गेली नव्हती. कोंबड्यांत घातक झालेला विषाणू रानात परतला होता.

फेब्रुवारी २००६ मध्ये तो भारतात पहिल्यांदा सापडला, तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. सुरुवातीला राणीखेत हा कोंबड्यांचा दुसराच विषाणूजन्य रोग वाटला. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचे सांगितले. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. चिकन-अंड्यांची मागणी राज्यभर, देशभर कोसळली आणि ज्यांच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता असे पोल्ट्रीवालेही बुडाले. नीट शिजवलेल्या मांसातून लागण होत नाही, हे लोकांना पटवण्यात फार वेळ गेला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तेच घडले. त्याच महिन्यात हिमाचलच्या पोंग जलाशयावर पट्टकादंब मरत होते.

२०२० नंतरचा प्रकार सर्वांत दूर गेला. २०२१च्या अखेरीस तो अटलांटिक ओलांडून कॅनडात पोहोचला, पुढे दक्षिण अमेरिकेत त्याने हजारो समुद्रसिंह मारले आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींत सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत एच५एन१ निघाला आणि संशय त्यांना खायला दिलेल्या कोंबडीवर गेला.