हौशी डायव्हर आणि सी स्लगची मोजदाद: थोडी पार्श्वभूमी

पुण्यात स्कूबा शिकणाऱ्यांची वाट साधारण ठरलेली असते. थिअरी आणि पोहण्याच्या तलावातले धडे इथेच उरकायचे, मग शुक्रवारी रात्रीची गाडी धरून मालवण, गोवा किंवा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट गाठायचं. माशांची हौस फिटली की यातले काही जण सी स्लगच्या, म्हणजे समुद्री गोगलगायींच्या नादी लागतात. बहुतेकींच्या पाठीवर शंख नसतो, रंग भडक, आकार अनेकदा नखाएवढाच. शिवाय त्या पळून जात नाहीत, त्यामुळे नवख्याच्या कॅमेऱ्यातही नीट येतात. अशा फोटोंमधून एखाद्या किनाऱ्यावर कोणत्या जाती आहेत याची नोंद उभी राहू शकते, ही कल्पना मात्र डिजिटल कॅमेऱ्याच्या फार आधीची आहे.

या प्राण्यांचा अभ्यास पहिल्यापासून हौशी लोकांनीच पोसला. जोशुआ अल्डर हे व्यापारी, तर अल्बनी हॅन्कॉक यांचं शिक्षण वकिलीचं. या दोघांनी ब्रिटनच्या न्यूडिब्रँकांवर (सी स्लगमधला शंख नसलेला एक मोठा गट) १८४५ ते १८५५ या काळात जो सचित्र ग्रंथ काढला, त्याचा आधार आजही घेतला जातो. भारतातल्या सी स्लगवरचा सुरुवातीचा महत्त्वाचा निबंधही त्यांचाच, १८६४ चा. नमुने पाठवले होते वॉल्टर इलियट यांनी, वॉल्टेअरहून, म्हणजे आजच्या विशाखापट्टणमहून. इलियट मद्रासच्या मुलकी सेवेतले अधिकारी. १८३९ मध्ये ‘दक्षिण मराठा मुलखा’तल्या सस्तन प्राण्यांची यादी छापणारे ते हेच. १८६४ च्या निबंधातली ‘कलिंगा ऑर्नाटा’ ही जात आजही त्याच नावाने ओळखली जाते. त्याच सुमारास सिलोनमध्ये केलार्ट नावाचे लष्करी डॉक्टर त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावरच्या सी स्लगचं वर्णन करत होते.

अडचण एकच होती, पण मोठी. स्पिरिटमध्ये टाकल्यावर सी स्लगचा रंग उडतो, अंग आक्रसतं आणि बरणीत उरतो तो एक फिकट गोळा. म्हणून जिवंतपणी काढलेलं चित्र नमुन्याइतकंच मोलाचं ठरलं. १९०६ मध्ये चार्ल्स इलियट यांनी दक्षिण भारत आणि सिलोनच्या न्यूडिब्रँकांचा पुन्हा आढावा घेतला, तो केलार्ट यांची चित्रं आणि अल्डर-हॅन्कॉक यांच्या संग्रहातले नमुने समोर ठेवूनच. हे दुसरे इलियट पेशाने मुत्सद्दी. पूर्व आफ्रिकेत ते ब्रिटिश कमिशनर होते आणि पुढे जपानमध्ये राजदूत झाले. इतक्या जबाबदाऱ्या सांभाळून हा माणूस गोगलगायी कधी पाहत असेल, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

तोवर पाण्याखाली जाऊन पाहणं जवळजवळ कुणालाच शक्य नव्हतं. ओहोटीला खडक धुंडाळायचे, नाहीतर बोटीमागे ड्रेज, म्हणजे जड चौकटीची जाळी, ओढून तळ खरवडायचा. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यान यांनी ॲक्वालंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून श्वासाला हवा देणारं उपकरण, बनवलं आणि पुढच्या काही दशकांत साध्या पर्यटकालाही तळाशी निवांत अर्धा-पाऊण तास मिळू लागला. ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या बिल रडमन यांनी १९९८ ते २०१० या काळात जगभरच्या डायव्हरांचे फोटो ऑनलाइन गोळा करून ओळखून दिले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातच नेल्सन बे इथे ‘सी स्लग सेन्सस’ सुरू झाला. ठरलेल्या दिवसांत हौशी लोकांनी बुडायचं, दिसेल त्या प्रत्येक जातीचा फोटो काढायचा आणि तज्ज्ञांनी यादी करायची. एखादी जात नेहमीच्या हद्दीबाहेर दिसली, तर ते अशा नोंदींमधून लवकर कळतं. २०१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पाणी तापलं, तेव्हा गुलाबी ‘ओकेनिया रोझेशिया’ नेहमीपेक्षा बरीच उत्तरेला दिसू लागली होती.

आपल्याकडे आधुनिक नोंदींना वेग आला तो मुख्यतः तेव्हा बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) असलेल्या दीपक आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. आपटे यांच्या २००९ च्या लक्षद्वीपवरच्या निबंधात भारतासाठी ४० नव्या नोंदी होत्या. २०१० मध्ये कच्छच्या आखाताची यादी आली आणि २०२० मध्ये पश्चिम भारतातून ‘क्रॅटेना’ वंशाच्या दोन नव्या जाती जाहीर झाल्या. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने ओहोटीच्या फेऱ्यांतून सामान्य लोकांना खडकांवर नेलं. यातलं बरंचसं काम किनाऱ्यावरचं आहे. ते साहजिकही आहे, कारण ओहोटी रोज येते, तर कोकणात डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे इतकाच. कधी खाली न उतरलेल्या पाहुण्यांना सिंधुदुर्गाजवळ प्रशिक्षकाचा हात धरून थोडा वेळ पाण्यात नेतात, त्यात शोधाशोध होतच नाही. उघड्या न पडणाऱ्या खडकांवर काय आहे, हे सर्टिफिकेट घेतलेल्या डायव्हरांनीच पाहायला हवं.

ते पाहतातही. कमी पडते ती शिस्त. सुंदर जातीचे वीस फोटो आणि मळकट तपकिरी जातीचा एकही नाही, अशा अल्बममधून जातींच्या प्रमाणाबद्दल काहीच कळत नाही. किती मिनिटं शोधलं, किती खोलीवर, कोणत्या स्पंजवर किंवा हायड्रॉइडवर (खडकाला चिकटून झाडासारखे वाढणारे बारीक प्राणी), जवळ अंड्यांची फीत होती का, हे पाण्याखाली लिहायच्या स्लेटवर लिहिलं तरच दोन डाइव्हची तुलना करता येते. काही न दिसलेली डाइव्हही लिहावी लागते आणि तीच सगळे गाळतात. फोटोवर नाव टाकून मोकळं होणंही बरं नाही. २०१२ मध्ये डीएनएच्या आधारे सी स्लगच्या क्रोमोडोरिड कुळाची फेरमांडणी झाली आणि ‘क्रोमोडोरिस’मधल्या कितीतरी जाती ‘गोनिओब्रँकस’मध्ये गेल्या. त्यामुळे नाव चुकलं तरी चालेल, पण मूळ फोटो आणि त्याची तारीख जपून ठेवायला हवी.

नमुना मात्र उचलायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे आणि तिथून प्राणी न्यायला परवानगी लागते. काही वेगळं दिसलंच, तर जागा, खोली आणि फोटो परवानाधारक संशोधकाला कळवायचे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे. समुद्र लांब असला तरी पुण्याच्या डायव्हरला तेवढं तरी जवळ पडतं.