पावशेर, पावभाजी आणि पावती : तीन पाव, तीन कुळं

दादरच्या मंडईत आपण ‘पाव किलो तोंडली’ मागतो, कोपऱ्यावरच्या बेकरीत ‘अर्धी लादी पाव’ सांगतो आणि लालबागच्या रांगेत ‘देवा, पाव रे’ म्हणत हात जोडतो. उच्चार तिन्ही वेळा तोच. त्यामुळे हे तिघे एकाच घरातले असणार असं वाटतं, आणि त्यातून गोष्टी तयार होतात. एक गोष्ट सांगते, पीठ पायांनी तुडवून मळायचे म्हणून तो पाव. दुसरी सांगते, मोठ्या रोटीचे चार भाग केले, त्यातला एक म्हणून पाव. दोन्ही मुंबईत मोठ्या विश्वासाने सांगितल्या जातात. दोन्ही चुकीच्या आहेत. या तीन शब्दांमधला ‘व’ नीट पाहिला की त्यांची कुळं वेगवेगळी असल्याचं कळतं.

आधी चौथा हिस्सा. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा भाग, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांशही. श्लोकाच्या चार चरणांपैकी एकालाही पादच म्हणतात. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘द’ बहुतेकदा गळून पडतो. बदरचं बोर झालं, कदलीचं केळ झालं, ते असंच. पादमधला ‘द’ गेला आणि मध्ये जागा रिकामी राहिली. ती कुठे ‘य’ने भरली, तिथे पाय तयार झाला, कुठे ‘व’ने भरली, तिथे पाव. म्हणजे पायाशी खरं रक्ताचं नातं आहे ते तोंडलीच्या पावाचं, बेकरीतल्या पावाचं नव्हे. पायांनी पीठ मळण्याची गोष्ट नेमकी चुकीच्या पावाला चिकटली आहे.

या घराण्याचा पसारा मोठा आहे. सव्वा म्हणजे ‘सपाद’, पावासकट. पाऊण म्हणजे ‘पादोन’, पावाने उणा. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत, आणि ज्यांनी ते घोकले ते आजी-आजोबा अजूनही भाजीचा हिशेब कॅल्क्युलेटरच्या आधी सांगतात. चार आण्यांची पावली यातलीच. पावशेरही यातलाच. ब्रिटिश काळात प्रमाण ठरवलेला शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. त्याचा पाव साधारण २३३ ग्रॅम भरे. १९५६च्या वजनमाप कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आणली, शेर गेला, पण पाव किलोला चिकटून राहिला आणि २५० ग्रॅमचा झाला.

आता बेकरीतला पाव. हा समुद्रावरून आला. लॅटिनमध्ये ब्रेडला ‘पानिस’ म्हणत. त्याचं पोर्तुगीजमध्ये ‘पाँउ’सारखं, नाकातून उच्चारायचं रूप झालं. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतलं आणि १५३४च्या तहाने वसई व मुंबईची बेटंही त्यांच्याकडे गेली. गोव्यात माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवायची रीत रुजली, आणि पाव भाजणाऱ्याला तिथे आजही ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्दच. मराठीने शेवटचं अनुनासिक सोडून दिलं आणि त्या जागी ‘व’ उभा केला. हे एकदाच घडलेलं नाही. पोर्तुगीज ‘लेइलाँउ’चा आपण लिलाव केला, तो अगदी याच वाटेने. पाव आणि लिलाव ही जोडी मला फार आवडते, कारण एका शब्दाने केलेला दावा दुसरा शब्द येऊन सिद्ध करतो.

तरी शंका उरली असेल, तर जपानकडे पाहावं. पोर्तुगीज १५४३मध्ये तिथे पोहोचले आणि आज जपानीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात. जपानी भाषेत ना आपला पाय आहे, ना पावशेर. तरी तोच पदार्थ, तेच नाव. लॅटिन पानिस ‘कंपनी’ या शब्दातही बसला आहे. एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, असा त्याचा मूळ अर्थ.

तिसऱ्या पावाची कथा छोटी. संस्कृत ‘प्राप्’ म्हणजे मिळणं, पोहोचणं. स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो, जसा दीपचा दिवा झाला. तसं पावणे हे क्रियापद तयार झालं. जुन्या पत्रात ‘पत्र पावले’ असे, नवसाला देव पावतो, आणि रक्कम पावल्याचा कागद म्हणजे पावती.

तेव्हा पावशेरातला ‘व’ गळलेल्या ‘द’च्या जागेवरचा, पावतीतला ‘प’चा झालेला, पावभाजीतला नाकातल्या स्वराचा. वाक्यातही ते वेगळे वागतात. चौथा हिस्सा नेहमी मापाच्या पुढे उभा राहतो: पाव किलो, पाव लिटर. ब्रेड स्वतः मोजला जातो: चार पाव, पावाचा तुकडा, पावात वडा. क्रियापद चालतं: पावतो, पावली, पावेल.

अलीकडे मुंबईच्या चायनीज हॉटेलांत ‘बाओ’ मिळू लागला आहे आणि तो पावाचा भाऊ आहे का, असं विचारलं जातं. नाही. चिनी ‘बाओ’ म्हणजे गुंडाळणं, पुडी. सारण गुंडाळून वाफवलेला गोळा म्हणून ते नाव. मलेशिया-सिंगापुरात त्यालाच ‘पाउ’ म्हणतात, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. दूर हवाई बेटांवरही ‘पाउ’ आहे. तिथे त्याचा अर्थ संपलं, उरकलं.

खुद्द पोर्तुगीजमध्येही अनुनासिक नसलेला एक ‘पाउ’ आहे. तो म्हणजे लाकूड, काठी. रंगासाठी तोडल्या जाणाऱ्या ‘पाउ-ब्राझिल’ झाडावरून ब्राझिल देशाला नाव पडलं. आपण जे अनुनासिक गाळलं, तेच तिथे ब्रेड आणि लाकूड यांतला फरक सांभाळतं. लिस्बनच्या बेकरीत गेलात, तर शेवटचा स्वर नाकातूनच काढा.