रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजी ठणठणीत?

इंदूरला आमच्या रामबागेत पोहे-जिलेबीइतकाच नेमाने एक फॉरवर्ड फिरतो: ऐंशीनंतर रक्ताचे सगळे आकडे नॉर्मल असले की काळजी नको, आणि एकही ठळक छापला असेल तर आत काहीतरी बिघडलंय. पटण्यासारखंच आहे; ठळक आकडा पाहून माझ्याही पोटात गोळा येतो.

पण 'नॉर्मल'ची चौकट ठरते कशी? साधारणपणे निरोगी माणसांतले मधले ९५ टक्के धरून. म्हणजे १०० निरोगी लोकांत ५ जण तसेही बाहेर. शिवाय ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात तो आकडा, वयाबरोबर वाढतो. पुरुषांसाठी वरच्या मर्यादेचा ढोबळ हिशेब वयाच्या निम्मा. ८४ वर्षांच्या आजोबांचा ३५ आला, तर तेवढ्यावरून हातपाय गाळू नयेत.

उलट फसगत जास्त चिंतेची. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ, स्नायूंतून येतं. आजी वाळून काडी झाल्या असतील तर ते मुळातच कमी बनतं, आणि मूत्रपिंडं मंदावली तरी आकडा चौकटीतच दिसतो. त्यावरून काढलेला ईजीएफआरही (मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा अंदाज) मग फुगलेला असू शकतो. सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडांसाठीचीच दुसरी रक्ततपासणी स्नायूंवर कमी अवलंबून असते. औषधांचे डोस ठरवताना डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

घरी पडताळायचं तर मागच्या २-३ वर्षांचे रिपोर्ट शेजारी मांडा. आणि पाहा: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का? वजन घटतंय का? पोळी अर्धीच टाकली जाते का? हे कुठल्याच रिपोर्टात छापून येत नाही.