जुन्या वळणाची वस्त्रे आणि बघ्यांची प्रतिक्रिया (नाशिक)

मागील पिढ्यांची खरी वस्त्रे, किंवा त्यांच्या वळणाने नव्याने शिवलेले कपडे, रोजच्या वापरात घालणाऱ्या व्यक्तीकडे अनोळखी व ओळखीचे लोक कसे पाहतात, काय बोलतात आणि काय बोलायचे टाळतात, याचा विचार या नोंदीत नाशिक शहर व परिसराच्या संदर्भात केला आहे. नऊवारी लुगडे, धोतर, फेटा, बंद गळ्याचा कोट यांपैकी एकही वस्त्र नाशिककराला अपरिचित नाही. बघणाऱ्याला कोडे पडते ते निमित्ताचे. सण, लग्न, पूजा, नाटक, छायाचित्रण यांपैकी काहीही चालू नसताना एखादी तरुणी आजीचे लुगडे नेसून बँकेत रांगेत उभी राहिली, तर तिला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘आज काय विशेष?’ हा असतो. ‘काही नाही, सहज’ या उत्तराने फारच थोड्यांचे समाधान होते.

संज्ञा

कापडव्यवसायात सर्वसाधारणपणे वीस वर्षांहून जुन्या आणि शंभर वर्षांच्या आतल्या वस्त्राला ‘व्हिंटेज’ म्हणतात. शंभरी ओलांडली की ते पुराणवस्तूंत जमा होते, आणि जुन्या धाटणीने आज शिवलेले असेल तर त्याला ‘रेट्रो’ म्हटले जाते. मूळ शब्द द्राक्षांचा आहे. लॅटिनमध्ये द्राक्षांच्या खुड्याला ‘विन्देमिया’ म्हणत. तेथून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, वाइनच्या बाटलीवरील हंगामाच्या वर्षाला चिकटला आणि पुढे मोटारींना व कपड्यांना लागू झाला. द्राक्षबागा आणि वाइन यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाशिक जिल्ह्यात तो उपरा वाटायचे कारण नाही. तरीही जुन्या नाशकातल्या घरांत कपड्यांच्या बाबतीत तो फारसा उच्चारला जात नाही. ‘आजीचे लुगडे’, ‘अण्णांचा कोट’, ‘ट्रंकेतली साडी’ अशी मालकी किंवा ठिकाण सांगणारी नावेच तेथे चालतात. कपडा कोणाचा, हे नावातच सांगितले गेल्यामुळे पुढच्या प्रतिक्रियेची दिशाही तेथेच ठरते.

निमित्त असलेली वस्त्रे

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी, नथ आणि फेटा घालून दुचाकीवर निघालेल्या स्त्रियांकडे सारे शहर कौतुकाने पाहते. त्यांतील बहुतेक नऊवाऱ्या आता शिवलेल्या, पायजम्यासारख्या चढवायच्या असतात. म्हणजे वळण जुने असले तरी वस्त्र नवेच असते. हीच स्त्री दुसऱ्या दिवशी त्याच वेशात कॉलेज रोडला कॉफी प्यायला गेली, तर कौतुकाची जागा कुजबूज घेते. रामकुंडावर धोतर-उपरण्यातल्या गुरुजींकडे कोणी वळून पाहत नाही, कारण तो त्यांच्या कामाचा पोशाख आहे. पंचवटीतल्या बाजार समितीत माल घेऊन आलेल्या दिंडोरी-निफाडकडच्या वयस्क शेतकऱ्याची पांढरी टोपी आणि धोतर यांनाही कोणी ‘जुने’ म्हणत नाही. ती आजचीच वस्त्रे आहेत, फक्त वेगळ्या वयाची आणि वेगळ्या गावची. तीच टोपी बावीस वर्षांच्या मुलाने गंगापूर रोडला घातली, तर तिचा अर्थ बदलतो: राजकीय कार्यकर्ता, नाटकातला नट किंवा पैजेत हरलेला मित्र, अशा तीन तर्कांपैकी एक हमखास केला जातो.

पेठ, सुरगाणा भागातून कामासाठी शहरात येणाऱ्या आदिवासी स्त्रियांच्या गुडघ्यापर्यंतच्या लुगड्याकडे मात्र शहर याच कौतुकाने पाहत नाही. कापडाचे वळण जुने आहे एवढ्याने कौतुक वाट्याला येत नाही. ते घालणाऱ्याला दुसरे काही घालणे परवडले असते, अशी बघणाऱ्याची खात्री व्हावी लागते. जुन्या वस्त्रांच्या शहरी हौसेचा हा भाग हौशी मंडळी सहसा मान्य करत नाहीत.

अनोळखी लोकांची प्रतिक्रिया

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये, सार्वजनिक ठिकाणी परक्याची क्षणभर दखल घेऊन नजर काढून घेण्याच्या रीतीचे वर्णन केले. तिला मराठीत ‘सभ्य दुर्लक्ष’ म्हणता येईल. गंगापूर रोड, कॉलेज रोड या नव्या भागांत ही रीत बऱ्यापैकी पाळली जाते: माणूस पाहतो, मोबाइलमध्ये डोके घालतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा एकदा मागे वळून पाहतो. मेन रोड, सराफ बाजार, भद्रकाली या जुन्या पेठांत तिला वाव कमी असतो. गल्ल्या अरुंद, दुकानांच्या पायऱ्या रस्त्यावर आणि दुकानदार पायरीवर, अशा रचनेत दखल घेतली की ती बोलूनच घेतली जाते. रिक्षावाला ‘शूटिंग चाललंय का मॅडम?’ असे विचारतो, आणि त्यात कुचेष्टा क्वचितच असते. गोदाघाटावरची दगडी देवळे ही लग्नाआधीच्या छायाचित्रणाची आवडती जागा असल्यामुळे, ठेवणीतल्या वेशातल्या माणसामागे कॅमेरा असणारच असे तो धरून चालतो.

कापड जाणणाऱ्यांची प्रतिक्रिया वेगळ्या जातीची असते. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी घेताना एखाद्या मुलीच्या खांद्यावरून जुन्या पैठणीचा पदर पुढे आला, तर भाजीवाल्या मावशी जुडी खाली ठेवतात, ओला हात लुगड्याला पुसतात आणि पदराचा काठ अंगठा व तर्जनी यांच्यात धरून हलकेच चोळतात. ‘खरी जर हाये ही. आता नाही मिळत अशी.’ नजर चेहऱ्याकडे गेलेलीच नसते. अनोळखी पुरुषाने अशा पदराला हात लावणे अकल्पनीय आहे. परंतु स्त्रियांमध्ये परक्या साडीचा पोत चाचपण्याची मुभा आजही गृहीत धरली जाते, आणि जुनी साडी ती मुभा अधिकच सैल करते. जिल्ह्यातले येवले हे पैठणी विणणाऱ्यांचे गाव असल्यामुळे या चाचपणीमागे जाणकारी असण्याची शक्यता इतर शहरांपेक्षा जास्त असते. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती काळपट पडते, वजनाला जड लागते आणि घडीवर रेशीम विरले तरी शाबूत राहते. काळवंडलेला काठ पाहून तरुण मंडळी ‘साडी खराब झाली’ म्हणतात, तर साठीच्या बाई त्याच काळेपणावरून तिची किंमत ओळखतात.

पुरुषाने घातलेल्या जुन्या कपड्यांना बहुधा टोमणे मिळतात. रुंद कॉलरचा शर्ट आणि खाली घोळदार झालेली बेलबॉटम घालून टपरीवर आलेल्या मुलाला ‘काय हीरो!’ ही हाळी चुकत नाही. पण टपरीवर एखादे निवृत्त कामगार बसलेले असतील, तर संभाषणाला वेगळे वळण लागते. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला, सातपूरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि नियमित पगार हाती येऊ लागलेल्या त्या पिढीने टेरिलीन व टेरिकॉट शिवून घेतले. इस्त्री न मोडणारे आणि वर्षानुवर्षे न फाटणारे ते कापड तेव्हा प्रतिष्ठेचे होते. उन्हाळ्यात त्यातून हवा जात नसे, याकडे दुर्लक्ष केले जाई. अशा गृहस्थांचा प्रश्न ‘शिवली कुठे?’ हा असतो, आणि पँट वडिलांची आहे असे कळले की पुढची दहा मिनिटे शिंपी, पाँचा आणि पहिला पगार यांत जातात.

किती जुने, यालाही महत्त्व आहे. इंग्लंडचे वेशभूषा-इतिहासकार जेम्स लेव्हर यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या क्रमानुसार, चालू रीत एक वर्षाने गबाळी, दहा वर्षांनी ओंगळ, वीस वर्षांनी हास्यास्पद आणि तीस वर्षांनी गमतीची वाटते. पन्नाशीत तिला विलक्षणपणा येतो, सत्तर वर्षांनी ती मोहक होते आणि शंभर वर्षांनी अद्भुतरम्य. नाशिकमध्येही आजीची नारायणपेठ मिरवता येते, पण आईच्या लग्नातली फुगीर बाह्यांची, चमकीची पोलकी अजून हसण्यावारी नेली जातात. एक अपवाद लेव्हरच्या क्रमात बसत नाही. १९७० च्या सुमाराच्या घरगुती छायाचित्रांत बाह्या नसलेल्या ब्लाऊजमध्ये सहज उभ्या असलेल्या स्त्रिया पुष्कळ घरांत सापडतात. तोच ब्लाऊज नातीने आज घातला, तर ‘आमच्या वेळी असले नव्हते’ असे सांगणाऱ्यांत कधी कधी त्या छायाचित्रातल्या बाईच असतात.

आपल्याकडे सारेच पाहत आहेत, ही घालणाऱ्याची भावना मात्र बरीचशी फुगलेली असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत गेलेल्या विद्यार्थ्यांना निम्म्या लोकांनी शर्ट ओळखला असेल असे वाटले. प्रत्यक्षात तो जवळपास एक चतुर्थांश लोकांच्याच लक्षात आला होता. रविवार कारंजावर संध्याकाळी सहाला हे प्रमाण आणखी खाली येत असावे. तेथे प्रत्येकाचे लक्ष समोरून घुसणाऱ्या दुचाकीवर असते.

ओळखीच्यांची प्रतिक्रिया

अनोळखी माणूस कपडा पाहतो आणि ओळखीचा माणूस त्यातली व्यक्ती. ‘अगं, ही तर काकूंची!’ असे उद्गार निघाले की साडी नेसलेली मुलगी बाजूला पडते आणि काकू बोलण्यात येतात: त्या ही साडी कोणत्या मुंजीत नेसल्या होत्या, तेव्हा काय रुसवाफुगवी झाली, आणि ती शेवटी थोरल्या सुनेकडे न जाता हिच्याकडे कशी आली. जुनी पैठणी नेसून घरच्या समारंभाला जाणे म्हणजे वाटणीचा जुना हिशेब टेबलावर ठेवणे असते, हे अनुभवी स्त्रिया जाणतात आणि कोणत्या घरी कोणती साडी नेसायची नाही हे ठरवून ठेवतात. पुष्कळ घरांत अशी साडी उरलेलीच नसते. अडचणीच्या दिवसांत जरीची जुनी लुगडी चांदीच्या मोलाने विकून, जाळून जर वेगळी काढण्याची रीत सर्वत्र होती. त्यामुळे दुसऱ्याच्या अंगावरची जुनी साडी पाहून एखादी मैत्रीण गप्प झाली, तर ते असूयेने असेलच असे नाही.

मृताच्या कपड्यांविषयीचा संकोच हा दुसरा पदर. रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि दशक्रियेसाठी दूरदूरचे लोक येतात, क्रियाकर्मानंतर वस्त्रे सोडून देण्याची रीत तेथे डोळ्यांसमोर असते, आणि ‘गेलेल्याचे कपडे घालू नयेत’ हे वाक्य नाशिककर लहानपणापासून ऐकतो. दिवंगत आजोबांचा कोट घातलेल्या नातवाला आजी एकटक पाहते, कॉलर सारखी करते आणि आत जाते. तर शेजारचे काका कोट कुठून आणला हे विचारून, उत्तर ऐकल्यावर ‘धुतला का?’ एवढेच म्हणतात. याच घरात बाळ जन्मल्यावर त्याला पहिल्यांदा आजीच्या मऊ सुती लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतात, नवे कापड मुद्दाम टाळतात आणि उरलेल्या लुगड्यांची गोधडी शिवतात. जुने कापड रक्षण करते आणि बाधतेही, या दोन्ही समजुती एकाच कपाटात शेजारी राहतात; कोणती पुढे येईल हे कापड कोणाच्या अंगावरून उतरले आणि ते माणूस हयात आहे का, यावर अवलंबून असते.

जुनी वस्त्रे आणि अपमानाची आठवण

सर्वच घरांच्या ट्रंकेत मिरवण्याजोगे जुने नसते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळादिकांसाठी मृतांची वस्त्रे नेमून दिलेली आहेत, आणि दुसऱ्याने टाकलेले कपडे वापरण्याची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या समाजात ‘जुना कपडा’ हा शब्दच निराळा ऐकू येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत स्त्रियांना, जातीची ओळख पटवणारी लुगड्याची नेसण आणि दागिने सोडून देण्यास व स्वच्छ राहण्यास सांगितले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या नाशिकमध्ये ही आठवण पुस्तकी नाही. नवा, कडक इस्त्रीचा, अंगाबरोबर बसणारा कपडा ही येथील अनेक घरांनी मिळवलेली गोष्ट आहे. अशा घरातल्या मुलाने हौसेने जुना, रफू केलेला कोट विकत आणला आणि वडील संतापले, तर त्या संतापाला जुनाट विचार म्हणणे हे अज्ञान ठरेल. याच घरांत १९५० किंवा १९६० च्या दशकातला स्वतः शिवून घेतलेला सूट मात्र जपलेला असतो, आणि तो नातवाने घातला तर सारी आळी पाहायला येते.

बोहारीण

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही या साऱ्यांत एकमेव बघणारी, जिला निमित्ताशी काही देणेघेणे नसते. तिची हाक आता उपनगरांतल्या सोसायट्यांच्या फाटकाबाहेरच थांबते, पण जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांत ती अजून फिरते. ट्रंकेतली साडी नेसून दारात आलेल्या सुनेकडे ती आधी पदर, मग काठ आणि मग निऱ्यांचा तळ अशा क्रमाने पाहते, घडीवर विरलेली जागा बोटाने दाखवते आणि बोचक्यातून स्टीलचे मधले पातेले बाहेर काढते. सून हसून ‘ही द्यायची नाही’ म्हणाली, तर ती पातेले परत ठेवून मोठे काढते.