भू-वापर योजना आणि आर्थिक विकास योजना: प्रदेशाच्या नियोजनातले दोन वेगळे दस्तऐवज

मराठीत ‘योजना’ आणि ‘आराखडा’ हे शब्द इतके सैलपणे वापरले जातात, की प्रदेशाच्या विकासासंबंधीचे दोन अगदी भिन्न दस्तऐवज एकाच नावाने ओळखले जातात. त्यांपैकी एक दस्तऐवज कोणती जमीन कशासाठी वापरता येईल हे ठरवतो. दुसरा प्रदेशात कोणते उद्योग, कोणती कौशल्ये आणि कोणत्या सुविधा वाढवायच्या आणि त्यावर किती पैसा खर्च करायचा हे ठरवतो. दोन्ही सरकारी यंत्रणाच तयार करतात आणि दोन्हींच्या प्रस्तावनेत ‘शाश्वत विकास’ हे शब्द आढळतात, त्यामुळे वाचणाऱ्याची गल्लत होणे स्वाभाविक आहे. मात्र या गल्लतीची किंमत मोठी असते. नकाशावर औद्योगिक पट्टा दिसला म्हणजे कारखाना येणारच, असे लोक धरून चालतात. उलट आर्थिक योजनेतला रोजगाराचा मोठा आकडा वाचताना, ते काम नेमके कोणाच्या घराशेजारी उभे राहणार, हे विचारायचे राहून जाते.

भू-वापर योजनेचा गाभा म्हणजे नकाशा आणि त्याला जोडलेली नियमावली. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ५० मीटर. हद्दीची रेघ तेवढी जाड असेल, तर तिच्याखाली घरांची एक आख्खी रांग झाकली जाते आणि ती घरे रेघेच्या अलीकडे की पलीकडे, यावर तिथल्या माणसांचे पुढचे सगळे व्यवहार अवलंबून राहतात. नकाशा वाचताना दुसरी गोष्ट ध्यानात ठेवायची ती अशी, की त्यातला रंग परवानगी सांगतो. तो आश्वासन देत नाही. उद्योगासाठी रंगवलेल्या पट्ट्यात उद्योगाची परवानगी मागता येते, पण तिथे उद्योग आणण्याची जबाबदारी योजनेने कोणावरही टाकलेली नसते. या योजनेची खरी ताकद ‘इथे नाही’ असे ठामपणे सांगण्यात आहे.

कोपनहेगनची १९४७ ची प्रादेशिक योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पसरलेल्या हाताच्या पंजासारखी तिची रचना आहे: तळहाताच्या जागी दाट वस्तीचे मूळ शहर, उपनगरी रेल्वेमार्गांच्या कडेने पाच बोटांसारखी पसरणारी वाढ आणि बोटांच्या मधल्या जागेत राखलेली शेते, वने आणि मोकळी जमीन. सुरुवातीला या योजनेला कायद्याचे बंधन नव्हते, तरीही नंतरच्या नियोजनाने तिची चौकट टिकवली आणि २००७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती राष्ट्रीय निर्देश म्हणून बंधनकारक झाली. मोठी कार्यालये रेल्वे स्थानकापासून साधारण ६०० मीटरच्या आत असावीत, या तिच्यातल्या नियमामागे कामाला जाणाऱ्या माणसाला मोटारीची गरज पडू नये असा हेतू आहे. या योजनेने स्वतः कोणाला नोकरी दिली नाही. नोकऱ्या आल्या तर त्या कुठे बसतील, एवढेच तिने सांगितले.

आर्थिक विकास योजना वाचायला घेतली की नकाशाऐवजी तक्ते समोर येतात: कार्यक्रमाचे नाव, अंमलबजावणी करणारी यंत्रणा, तरतूद, लक्ष्य, कालावधी. युरोपीय संघाचा प्रादेशिक विकास निधी १९७५ मध्ये सुरू झाला. आज ज्या प्रदेशांचे दरडोई सकल उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असते, ते कमी विकसित गटात धरले जातात आणि त्यांना मदतीचा मोठा वाटा मिळतो. या निधीचे कार्यक्रम सात वर्षांचे असतात, सध्याचा कार्यक्रम २०२१ ते २०२७ असा आहे, आणि ठरलेल्या मुदतीत न खर्चलेली रक्कम प्रदेशाच्या हातून जाते. या शेवटच्या अटीमुळे खर्चाला शिस्त लागते हे खरे. पण भू-वापर योजना वीस-वीस वर्षांचा विचार करत असताना आर्थिक योजनेच्या डोक्यावर मुदतीचे घड्याळ टिकटिकत असते, आणि घाईच्या वेळी योग्य जागेपेक्षा तयार जागा निवडण्याचा मोह होतो, असे मला वाटते.

एकाच योजनेच्या जोरावर पुढे गेल्यास काय होते, याचे दुःखद उदाहरण दक्षिण इटलीतल्या टारांटो शहरात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मागास दक्षिणेला उद्योगांच्या बळावर वर आणण्याचे धोरण आखले गेले, त्यासाठी १९५० मध्ये खास निधी उभारला गेला आणि १९६० च्या दशकात टारांटोला प्रचंड पोलाद कारखाना उभा राहिला. रोजगाराच्या तक्त्यात तो यशस्वीच होता. परंतु ताम्बुरी ही वस्ती त्या कारखान्याला जवळजवळ खेटून आहे. वायव्येचा वारा सुटला की खनिजाच्या ढिगाऱ्यांवरची तांबूस धूळ वस्तीवर येते आणि तिथल्या दफनभूमीतल्या पांढऱ्या दगडांवरही तिचा लालसर थर बसलेला दिसतो. २०१२ मध्ये न्यायालयाने कारखान्याचे मुख्य विभाग जप्त करण्याचा आदेश दिला, तेव्हा आरोग्य आणि उपजीविका यांतून एकाची निवड करण्याची पाळी एकाच शहरातल्या माणसांवर आली. कारखाना हवा की नको, हा प्रश्न आर्थिक योजनेचा होता. घरांपासून किती अंतरावर आणि वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, हा प्रश्न भू-वापराचा होता, आणि त्याला तेवढे वजन मिळाले नाही.

याउलट जर्मनीच्या रूर खोऱ्यात हे दोन धागे, उशिरा का होईना, एकत्र विणले गेले. तिथे १९२० मध्येच शहरांच्या वर एक प्रादेशिक संघ स्थापन झाला होता आणि कोळसा-पोलादाच्या भरभराटीच्या काळातही त्याने शहरांच्या मधले उत्तर-दक्षिण हरितपट्टे राखण्याचा आग्रह धरला. खाणींमुळे जमीन खचत असल्याने भूमिगत गटारे फुटली असती, म्हणून एम्शर नदीलाच उघडे गटार बनवण्यात आले होते. खाणी बंद पडू लागल्यावर राज्य सरकारने १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत एम्शर पार्क हा कार्यक्रम राबवला. त्यात जुन्या औद्योगिक जागांचा नवा वापर, नवी कामे आणि राखलेल्या हरितपट्ट्यांना पूर्व-पश्चिम जोडणे या गोष्टी एकत्रच ठरवल्या गेल्या. नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम १९९२ मध्ये सुरू झाले, त्यासाठी ४०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या भूमिगत वाहिन्या टाकल्या गेल्या, सुमारे साडेपाच अब्ज युरो लागले आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यापासून मुक्त झाली. पैसा आर्थिक बाजूने आला, पण जोडण्यासाठी मोकळी जमीन शिल्लक होती ती जुन्या नकाशामुळे.

नागरिकाला हा फरक सर्वाधिक उपयोगी पडतो तो हरकती आणि सूचनांच्या वेळी. नकाशाच्या मसुद्यावर ‘आम्हाला रुग्णालय द्या’ असे लिहिले तर ती मागणी चुकीच्या दारावर जाते. तिथे रुग्णालयासाठी जागा आरक्षित करा, ही मागणी करायची असते, आणि डॉक्टर, खाटा व इमारत यांची मागणी अंदाजपत्रकाच्या वेळी. त्याचप्रमाणे आर्थिक योजनेचा मसुदा हाती आला, की प्रत्येक मोठ्या तरतुदीसमोर दोन प्रश्न लिहावेत: हे काम भू-वापर नकाशावरच्या कोणत्या तुकड्यावर उभे राहणार, आणि त्याला लागणारे पाणी आज कोण वापरत आहे?